दोऱ्याच्या वाटेवरची कडी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

जुन्या विहिरीच्या काठावरचा दगड आठवा. पोहऱ्याची दोरी वर्षानुवर्षं एकाच जागी घासून त्या दगडाला बोटभर खोल खाचा पडलेल्या असतात. दोरी मऊ आणि दगड कठीण, तरी खाच पडते ती दगडाला. दोरीबरोबर ओलावा येतो, ओलाव्याबरोबर बारीक रेती येते, आणि दोरी झिजली की माणसं नवी आणतात. दगड मात्र तोच राहतो. मासे धरायच्या काठीवर ज्या लहान लहान कड्या बसवलेल्या असतात, त्यांचा इतिहास मला या दगडासारखा वाटतो. त्या कड्यांतून दोरा धावतो. दोरा बदलला की जुनी कडी झिजू लागते, आणि मग कडी बदलावी लागते. गेल्या साडेतीनशे वर्षांत असं चार-पाच वेळा झालं आहे.

या कडीला गळाचे शौकीन 'गाईड' म्हणतात आणि काठीच्या अगदी शेंड्यावर टोपीसारखी बसते तिला 'टिप टॉप'. शब्द परके असले तरी टिटवाळा लोकलच्या दारात काठ्या सांभाळत उभी असलेली मुलंही हेच शब्द वापरतात, तेव्हा आपणही तेच वापरू. बाजारातली तयार काठी घेतली तर कड्या बसवलेल्याच येतात आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. नुसती काठी आणून आपल्या हातानं कड्या बांधायला बसलं की पहिला प्रश्न पडतो: कुठल्या, किती आणि कुठे? या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराच्या यादीत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधलं तर लवकर सापडतं, असं माझं मत आहे. आणि तो इतिहास सांगायला मोहन्याइतकं सोयीचं गाव मला दुसरं दिसत नाही.

मोहने कल्याणच्या उत्तरेला, उल्हास नदीच्या काठी. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाडनंतर आंबिवली स्टेशन लागतं, तिथून मोहने जवळच. उल्हास राजमाचीच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत इथवर येते आणि कल्याणच्या पुढे खाडी होते. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर आटतात. उल्हास उन्हाळ्यातही वाहती राहते, त्याचं मोठं कारण भिवपुरीचं वीजघर. सह्याद्रीपलीकडे आंध्रा नदीवर टाटांनी ठोकरवाडीचं धरण बांधलं, १९२२च्या सुमारास भिवपुरीला वीज तयार होऊ लागली, आणि चक्रं फिरवून झालेलं ते घाटावरचं पाणी उल्हासमध्ये उतरू लागलं. बारमाही पाणी म्हटलं की कारखाने आले, पाणीपुरवठ्याचे पंप आले आणि मासेही राहिले.

इथे मासे धरण्याची खरी रीत जाळ्याची. आगरी-कोळी माणूस पाग टाकतो. पावसाच्या पहिल्या लोंढ्याला वलगणीचे मासे शेतात चढतात तेव्हा तर हातही पुरतात. काठी ही निवांत माणसाची. बांबूची काठी, शेंड्याला गाठ मारून बांधलेला तंगूस, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. या काठीला कडी नाही आणि रीळही नाही. तिच्यावर चिलापी येते, लहान खवली येतात, कधी एखादा शिंगाळा. ती काठी पाहून रॉडवाले हसतात. हसू नये. जगातली बहुतेक माणसं हजारो वर्षं याच काठीनं मासे धरत आली आहेत.

इजिप्तमध्ये बेनी हसनच्या थडग्यांत जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, त्यांत अशी काठी दिसते. इसवी सनाच्या दोनशेच्या सुमारास एलियन नावाच्या लेखकानं मॅसिडोनियातल्या मासेमारीचं वर्णन केलं आहे. तो सांगतो की काठी सहा फूट आणि दोराही तेवढाच. या तेवढ्याच शब्दात सगळी अडचण आहे. दोरा शेंड्याला बांधलेला असला की तो काठीपेक्षा फार लांब ठेवता येत नाही, नाहीतर मासा हाताशी येणार कसा? म्हणजे तुमची पोच काठीएवढी, आणि मोठा मासा पळाला तर त्याला द्यायला तुमच्याकडे एक वीतही जादा दोरा नाही.

आपल्याकडे याचा मोठा ग्रंथ झाला तो बाराव्या शतकात, आणि त्याचं गावही कल्याणच, मात्र आपलं नव्हे. चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. तिथला राजा सोमेश्वर तिसरा यानं ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातल्या जुन्या मराठी पद्यांमुळे माहीत असतो. पण त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे. कोणते मासे, त्यांना कुठे काय खाऊ घालून एका जागी जमवायचं, काठी, दोरा, गळ, आमिष असा सगळा तपशील त्यात येतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. गळाची मासेमारी हा साहेबानं आणलेला शौक, अशी आपली समजूत असते. ती या प्रकरणामुळे टिकत नाही. साहेबानं आणली ती कडी आणि चाक.

चाकाचं श्रेय मात्र चीनला द्यावं लागतं. सोमेश्वरानंतर साठ-सत्तर वर्षांनी मा युआन या चित्रकारानं काढलेल्या चित्रात होडीत बसलेल्या माणसाच्या काठीला चाक दिसतं. युरोपात ते फार उशिरा आलं. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळाच्या पुस्तकात घोड्याच्या शेपटीच्या केसांचा पीळदार दोरा कसा करायचा ते सविस्तर आहे, पण तो बांधायचा शेंड्यालाच. मोठा मासा लागला की तिथले लोक सरळ काठीच पाण्यात सोडून देत. मासा ती ओढत फिरे, दमे, आणि मग होडीनं जाऊन काठी आणि मासा दोन्ही गोळा करत. युक्ती वाईट नाही, फक्त काठी परत मिळेलच असं नाही.

आयझॅक वॉल्टनचं 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ साली निघालं. १६५५च्या दुसऱ्या आवृत्तीत तो नोंदवतो की सामन माशासाठी बरेच जण काठीच्या शेंड्याला तारेची एक कडी लावतात, म्हणजे मासा लागल्यावर दोरा हवा तितका पळू शकतो, आणि त्यासाठी काही जण काठीच्या मध्यावर चाकही बसवतात. हा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिली कडी शेंड्यावरची. घराण्यात टिप टॉप ही थोरली, बाकीच्या गाईड मागून आलेल्या. आजही काठी बांधताना सगळ्यात जास्त विचार तिचाच करावा लागतो, कारण दोरा सगळ्यात तीव्र कोनात वळतो तो तिच्यात, आणि पाण्यातून आलेली रेती सगळ्यात आधी भेटते तीही तिलाच.

मधल्या कड्या का आल्या ते सोपं आहे. चाक मुठीजवळ आणि कडी फक्त शेंड्याला असली तर काठी वाकल्यावर दोरा धनुष्याच्या दोरीसारखा ताणून उभा राहतो. मग जोर सगळा शेंड्यावर येतो आणि काठीचं पोट नुसतं बसून राहतं. दोरा काठीच्या वाकणासोबत चालावा म्हणून वाटेत कड्या हव्यात. सुरुवातीला या कड्या सैल असत, बिजागरीसारख्या पडणाऱ्या. काठी गुंडाळून ठेवायला बऱ्या. पण ओला दोरा त्यांना चिकटे, त्या पडत, दोरा अडे. एकोणिसाव्या शतकात रेशमाचा तेल पाजलेला जड दोरा आला. तो फेकताना झपाट्यानं सुटायला हवा होता. त्याच्यासाठी उभ्या, पक्क्या कड्या आल्या, सापाच्या वळणाच्या तारेच्या कड्या आल्या, आणि श्रीमंतांच्या काठ्यांवर टोकाला आणि मुठीजवळ अकीकाच्या कड्या आल्या. अकीक म्हटल्यावर आपल्याला खंभात आठवतं. तो दगड कठीण आणि गुळगुळीत, रेशमाला जपणारा. दोष एकच, आपटला की तडकतो. हा दोष पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

काठीचा बांबूही तेव्हा आपल्याकडून जाई. बांबू उभा चिरून, त्याच्या तिकोनी पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्या अमेरिकेत १८४५च्या आसपास सॅम्युएल फिलिप यानं सुरू केल्या, आणि या काठ्यांसाठी बरीच वर्षं 'कलकत्ता केन' वापरला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या टोंकिन बांबूनं त्याला मागे सारलं. कोकणात माणगा नावाचा जवळजवळ भरीव बांबू होतो. त्याच्या काठ्यांचा चिवटपणा पाहिला की वाटतं, कुणी मनावर घेतलं असतं तर एखादी सिंधुदुर्गी काठीही जगात गेली असती.

आपल्या भागात कड्यांची परीक्षा घेतली ती एका माशानं. मुंबई सरकारच्या चाकरीतला कर्नल साईक्स यानं दख्खनमधल्या माशांना शास्त्रीय नावं दिली ती १८३९ साली, आणि ती इथल्या लोकांच्या तोंडची उचलली: खुद्री, कोळस, मुसल्ला. त्यातला खुद्री म्हणजे आपला महसीर. पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यात तो त्याला मिळाला होता. मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यानं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली मंगळुरूला छापलं आणि महसिराला सामनच्या पंक्तीत बसवलं. पुढे १९४८ साली मॅकडोनल्डचं 'सर्कमव्हेंटिंग द महसीर' मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं प्रसिद्ध केलं. या माशाची पहिली धाव भयंकर असते. गळ लागल्याबरोबर तो खडकाळ प्रवाहात सरळ धावतो आणि रिळावरचा दोरा सुसाट जातो. साध्या तारेची कडी अशा दोन-चार धावांत खरवडली जाते, आणि त्या खरवडीवर पुढच्या वेळी दोरा तुटतो. म्हणून महसिराच्या काठीला दोन पायांची दणकट कडी लागते. वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या देवळापाशी किंवा महाडजवळ वाळण कोंडीत या माशांना देवाचे मासे म्हणून जपलं आहे. तिथे गळ काढायचा नाही, चणे-मुरमुरे टाकून पाहायचं. टाटांनी लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी १९७०च्या दशकापासून महसिराची पैदास केली, ती नसती तर आज या माशाबद्दल बोलताना भूतकाळच जास्त वापरावा लागला असता.

आता मोहन्याकडे परत येऊ, कारण कडीच्या गोष्टीतला पुढचा मोठा फेरा नदीकाठी नाही, कापडाच्या गिरणीत झाला.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा आल्फ्रेड इलिंगवर्थ हा लोकरीच्या गिरण्यांच्या घराण्यातला माणूस. १९०५ साली त्यानं एका नव्या रिळाचं पेटंट घेतलं. तोवरच्या रिळात चाक फिरे आणि दोरा सुटे, पतंगाच्या फिरकीसारखा. फिरकी जोरात फिरली आणि दोरा थांबला की गुंता झालाच. इलिंगवर्थच्या रिळात चाक फिरतच नाही; दोरा त्याच्या टोकावरून वेटोळी घेत उतरतो. गिरणीत बॉबिनवरून सूत असंच उतरतं, आणि तिथूनच त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. आज तुमच्या-माझ्या हातात असणारं 'स्पिनिंग रीळ' ते हेच.

टोकावरून उतरणारं सूत सरळ जात नाही. ते फिरत फिरत फुगतं; गिरणीच्या भाषेत त्याला 'बलून' म्हणतात. म्हणून बॉबिनच्या समोर, नेमक्या अंतरावर, डुकराच्या शेपटीसारखी वळलेली एक कडी असते. फुगा तिच्यात येऊन मिटतो आणि पुढे सूत सरळ चालतं. कडी फार जवळ असली तर सूत घासतं, फार दूर असली तर फुगा आजूबाजूला आपटतो. काठीवरची पहिली मोठी गाईड, जिला मी मुठीकडची कडी म्हणतो, तिचं काम तंतोतंत हेच आहे. आणि ही गोष्ट ज्यांना समजावून सांगावी लागू नये अशी माणसं मोहन्यात हजारोंनी होती.

नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना मोहन्याला उभा राहिला. लोक तिला 'एनआरसी' म्हणूनच ओळखतात. जवळच शहाडला सेंच्युरी रेयॉन उभी राहिली. म्हणजे उल्हासच्या काठी थोड्या अंतरात रेयॉनचे दोन मोठे कारखाने. व्हिस्कोस रेयॉन करायला लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून मधासारखं दाट द्रावण करतात आणि अतिशय बारीक भोकांच्या चकतीतून ते आम्लाच्या कुंडीत सोडतात. तिथे त्याची तार बनते. जुन्या पद्धतीत ही तार काचेच्या नरसाळ्यातून खाली गरगर फिरणाऱ्या डब्यात उतरते आणि डब्याच्या आत गोल वडीसारखी जमते. हा डबा टॉपहॅम नावाच्या इंग्रजानं १९०० साली शोधला. इथे नरसाळं म्हणजे कडीच. ते काचेचं, कारण तार ओली, आम्लात भिजलेली आणि केसाहून बारीक. धातूवर ती टिकत नाही आणि धातूही आम्लात टिकत नाही.

रेयॉनपाठोपाठ नायलॉन आलं. मोहन्याला टायरसाठी लागणारा नायलॉनचा दोरही निघत असे. कृत्रिम तार गुळगुळीत दिसते म्हणून ती कडीला त्रास देत नसेल असं वाटतं. उलट आहे. तासन् तास वेगानं धावणारी नायलॉनची तार पोलादाला करवतीसारखी खाच पाडते, आणि एकदा खाच पडली की पुढची सगळी तार त्या धारेवर सोलली जाते. म्हणून कृत्रिम धाग्याच्या यंत्रांवर चिनी मातीच्या आणि पुढे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या, म्हणजे कुरुंदाच्या जातीच्या पदार्थाच्या, भाजून कडक केलेल्या कड्या आल्या. यंत्रावरच्या माणसाचं एक रोजचं काम म्हणजे या कड्यांवर बोट फिरवून खाच लागते का ते पाहणं.

मासेमारीच्या काठीवर नेमकं हेच घडलं, फक्त थोडं उशिरा. ड्यू पाँट कंपनीनं १९३८ साली नायलॉन जाहीर केलं. त्याच्या पहिल्या वस्तूंमध्ये टूथब्रशचे केस होते, आणि लवकरच एकेरी तारेचा मासेमारीचा दोरा आला: आपला तंगूस. कोळ्यांच्या जाळ्यांतून सण आणि कापूस गेला, त्याच्या जागी नायलॉन आलं. पुण्यात १९७६ साली गरवारे वॉल रोप्स कंपनी निघाली, तिनं जाळी-दोरखंडाच्या धंद्यात मोठं नाव केलं. काठीवर मात्र कड्या अजून पोलादाच्याच होत्या, वर क्रोमचा मुलामा. तंगुसानं तो मुलामा खाल्ला. मग टंगस्टन कार्बाइडच्या कड्या आल्या, खोल समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी आत फिरकी असलेल्या रोलर कड्या आल्या. १९७०च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीनं धातूच्या चौकटीत कुरुंदाची कडी बसवून विकायला काढली आणि पाहता पाहता जगभरच्या काठ्यांवर ती दिसू लागली. १९८०च्या दशकात तिच्याच सिलिकॉन कार्बाइडच्या कड्या आल्या. तो पदार्थ फार कठीण, आणि दुसरा गुण असा की घर्षणाची उष्णता तो पटकन पसरवून टाकतो.

उष्णतेचं काय एवढं, असं वाटेल. १९९०च्या दशकात विणलेला दोरा आला, ज्याला सगळे 'ब्रेड' म्हणतात. तो एका खास पॉलिथिनचा असतो. तंगुसाहून कितीतरी बारीक आणि तितकाच मजबूत, न ताणणारा. पण नायलॉन वितळतं दोनशे अंशांच्या वर, आणि हे पॉलिथिन सुमारे १४५ अंशांना. मोठा मासा दोरा पळवत असताना कडीशी उष्णता तयार होते आणि ती एका जागी साठली तर ब्रेडची ताकद कमी होते. शिवाय त्याच्या विणीत रेती अडकते. नुसत्या पोलादाच्या स्वस्त कडीवर ब्रेड चालवणं म्हणजे विहिरीच्या दगडावर मांजा ओढण्यासारखं.

म्हणून काठी बांधायला बसलात तर पहिला प्रश्न 'कुठली गाईड' हा नाही. पहिला प्रश्न दोऱ्याचा, मग रिळाचा, मग माशाचा, कडी शेवटी. साधा तंगूस वापरणार असाल आणि मासा दोन-तीन किलोच्या आतला, तर अॅल्युमिनियम ऑक्साइडची कडी पुरेशी आहे; उगाच पैसे घालवू नका. ब्रेड वापरणार असाल तर सिलिकॉन कार्बाइड घ्या, आणि सगळ्या कड्यांना परवडत नसेल तर निदान टिप टॉपला आणि मुठीकडच्या कडीला. जुन्या लोकांनी अकीक याच दोन जागी बसवला होता, तो उगाच नाही.

किती कड्या, याचा ठोकताळा असा की काठी जितके फूट तितक्या, वर एखादी. सात फुटांच्या काठीला सात-आठ, टिप टॉप वेगळी मोजून. पण ठोकताळ्यावर थांबू नये. कड्या आधी चिकटपट्टीनं तात्पुरत्या लावा, रिळातून दोरा ओवा, टोक कशाला तरी बांधा आणि काठी वाकवून बाजूनं पाहा. दोरा काठीच्या वाकणासोबत गोलाईनं गेला पाहिजे. दोन कड्यांमध्ये तो सरळ ताणून कोन करत असेल तर तिथे कडी कमी आहे. हे पाहायला अर्धा तास लागतो आणि बहुतेक जण तो अर्धा तास वाचवतात.

स्पिनिंग रीळ काठीच्या खाली लटकतं, त्याच्या कड्याही खाली. पहिली कडी मोठी आणि उंच, पंचवीस किंवा तीस नंबरची. तिच्यात फुगा मिटायचा आहे. पुढच्या दोन-तीन कड्या झपाट्यानं लहान होत जातात आणि त्यापुढे शेंड्यापर्यंत लहान, एकाच मापाच्या. हे नंबर साधारणपणे आतल्या कडीच्या बाहेरच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये असतात; भोक त्याहून लहान असतं, हे लक्षात ठेवा. दोऱ्याला पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडणार असाल तर ती गाठ शेंड्याच्या कडीतून विनाअडथळा गेली पाहिजे. फिरत्या चाकाचं रीळ काठीच्या वर बसतं, तिथे फुगा नसतो, कड्या पहिल्यापासून लहान चालतात. पण वाकलेल्या काठीला दोरा टेकता कामा नये म्हणून संख्येनं जास्त लागतात. एका पायाची कडी हलकी, काठीला मोकळं वाकू देते. दोन पायांची जड आणि भक्कम. मरळीसाठी एक पाय चालेल. कल्याणच्या खाडीत जिताडा किंवा तांबोशी धरायचं मनात असेल तर दोन पाय, आणि चौकट गंजणार नाही अशा पोलादाची. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचीच.

टिप टॉपची निवड दोन मापांनी होते. एक कडीचं, दुसरं तिच्या नळीचं. नळीचं माप अमेरिकी पद्धतीत इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात, जपानी पद्धतीत मिलिमीटरमध्ये. पाच म्हणजे जवळजवळ दोन मिलिमीटर. नळी काठीच्या शेंड्यावर सहज सरकावी, डगमगू नये. किंचित सैल असेल तर शेंड्याला दोऱ्याचे दोन वेढे द्या. घट्ट असेल तर पुढचं माप आणा; शेंडा कानशीनं घासून बसवायचा मोह टाळा, कारण आजच्या काठ्या कार्बनच्या तंतूंच्या असतात आणि ते तंतू कापले की शेंडा तिथेच मोडतो. चिकटवायला गरम करून वितळणारा डिंक बरा, कायमचा इपॉक्सी नको. टिप टॉप कधीतरी बदलावीच लागते, आणि लोकलच्या गर्दीत बदलायची वेळ लवकर येते. वजन शक्य तितकं कमी ठेवा. मुठीजवळचा दहा ग्रॅम जाणवत नाही; शेंड्यावरचा एक ग्रॅम काठीला मंद करतो.

बाकी कड्यांचे पाय काठीवर सुतानं बांधायचे असतात. पायाचं टोक कानशीनं उतरतं करून घ्या म्हणजे सूत त्यावर पायरी न करता चढेल. वेढ्याला वेढा खेटून, मध्ये फट नाही, एकावर एक नाही. पूर्वी हे रेशमानं करत, आता नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं, आणि वर इपॉक्सीचा थर. वीस-पंचवीस वर्षं सुताच्या बॉबिनांवर नजर ठेवलेला हात हे काम पहिल्याच बैठकीत नीट करेल याविषयी मला शंका नाही.

तो हात आता यंत्रावर नाही. मोहन्याचा कारखाना २००९ साली बंद पडला. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा लढा पुढे वर्षानुवर्षं चालला, वसाहत ओस पडत गेली. शहाडचा कारखाना चालू आहे. उल्हासच्या पाण्यावर अलीकडच्या काही उन्हाळ्यांत मोहन्याच्या वरच्या अंगाला जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, सांडपाण्याचं खत मिळालं की ती फोफावते, आणि या पाण्यावर पिण्यासाठी अवलंबून असलेली गावं-शहरं तक्रारी करत राहतात. जलपर्णीच्या कडेला मरळ असते, म्हणून गळवाले तिथेच जमतात. दोरा अडकतो, तुटतो, आणि तुटलेला तंगूस तिथेच राहतो. सण कुजत असे. नायलॉन कुजत नाही. बगळ्याच्या, पाणकावळ्याच्या पायात ते गुंतलेलं मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे. तुटण्याचं कारण पुष्कळदा जलपर्णी नसतेच. टिप टॉपला केसाएवढी चीर गेलेली असते, काठी बंधाऱ्याच्या दगडावर ठेवताना आपटलेली असते, आणि अकीकासारखीच ही नवी कडीही तडकते. ती चीर डोळ्याला दिसत नाही.

ती शोधायला भिंग लागत नाही. कापसाचं बोंड किंवा स्त्रियांच्या जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा प्रत्येक कडीतून सगळ्या बाजूंनी फिरवा. चीर असेल तर तंतू अडकतो. अडकला ती कडी त्याच दिवशी काढून टाका. टिप टॉप असेल तर नळीला क्षणभर ज्योत दाखवा, डिंक मऊ होतो, चिमट्यानं सरळ ओढा, पिळू नका.